एडटेकच्या मुलाखतीला निघण्याआधी

आधी जाहिरातीतलं पद नीट वाचा, कारण एडटेकमध्ये, म्हणजे ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांत, पदाचं नाव एक आणि काम भलतंच असं पुष्कळदा होतं. ‘अकॅडमिक काउन्सेलर’ किंवा ‘बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट’ लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा सेल्सचं काम असतं. दिवसभर फोन, महिन्याचं टार्गेट आणि पालकांना फी हप्त्यांत कशी बसते ते पटवून देणं. हे काम हलकं नाही, जमणाऱ्याला इन्सेंटिव्हही बरा सुटतो. पण शिकवायला मिळेल म्हणून जाल तर आठवडाभरात जीव नकोसा होईल. शिकवायचं असेल तर इन्स्ट्रक्टर किंवा टीचिंग असिस्टंट, धडे लिहायचे असतील तर कंटेंट डेव्हलपर ही पदं शोधा. शंका असेल तर एचआरचा पहिला फोन येईल तेव्हाच विचारा, ‘टार्गेट आहे का?’ उत्तर लांबत गेलं की समजून जा.

मग कंपनीचं अ‍ॅप उतरवून घ्या आणि त्यांचा एखादा फुकट क्लास शेवटपर्यंत बघा. वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ सगळेच पाठ करून येतात, त्याला कोणी विचारत नाही. क्लास बघताना आपलं लक्ष कुठे उडालं, कुठे व्हिडिओ मागे घ्यावा लागला, हे कागदावर टिपून ठेवा. प्ले स्टोअरवरचे एका स्टारचे अभिप्रायही वाचा. रिफंडच्या तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या तर ती माहिती तुमच्याही कामाची आहे.

आता डेमो, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांसमोर थोडं शिकवून दाखवणं. शिकवण्याच्या पदासाठी निम्मी मुलाखत हीच असते, म्हणून तयारीचा सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. विषय लहान घ्या. पायथन ही कोडिंगची भाषा शिकवायची असेल तर ‘पायथनची ओळख’ नको, त्यातला एक अडखळायचा दगड घ्या. पायथनमध्ये आकड्यांची रांग मिळवायला रेंज(१, ५) लिहिलं की १, २, ३, ४ येतात, ५ येत नाही. नवख्याची इथे हमखास गफलत होते. ‘शेवटचा आकडा धरायचा नसतो’ एवढं सांगून पुढे गेलात तर नियम सांगितला, शिकवलं काहीच नाही. कोड पडद्यावर ठेवा, पण चालवू नका. ‘किती आकडे छापले जातील?’ विचारा आणि गप्प बसा. पॅनेलमधलं कोणीतरी मुद्दाम ‘पाच’ म्हणेल. मग चालवा, चारच येतील. आता कारण सांगा: पाचातून एक गेला की चार, म्हणजे किती आकडे येणार ते नुसत्या वजाबाकीने कळतं, आणि पुढचा तुकडा रेंज(५, ९) असा घेतला तर ५ गळतही नाही, दोनदाही येत नाही. एवढ्यात दहा मिनिटं सहज जातात. घरी हे धाकट्या भावंडाला, नाहीतर कोडिंगशी काही संबंध नसलेल्या मित्राला शिकवून बघा. मराठीत, हिंदीत की इंग्रजीत शिकवायचं ते मात्र आधी विचारून घ्या. नागपूरकरांची वाक्यं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतात आणि पॅनेल बंगळुरूचं असू शकतं.

टीचिंग असिस्टंटसाठी डाउट सोडवायला देतात. ‘सर, कोड चालत नाही’ एवढाच मेसेज आणि सोबत एररची ओळच कापली गेलेला स्क्रीनशॉट. तुम्ही कोड दुरुस्त करून पाठवलात तर बहुधा गुण गेले. एररची शेवटची ओळ मागा, ती काय म्हणते ते त्यालाच वाचायला लावा, मग एकच इशारा द्या. काउन्सेलरच्या मुलाखतीत नकली फोन असतो: ‘हे तं यूट्यूबवर फुकट हाय, मग पैसे काहून भरू?’ याचं प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. नोकरीची हमी तोंडातून निघू देऊ नका. कोचिंगच्या जाहिरातींतल्या अशा दाव्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे, आणि हे ठाऊक असलेला उमेदवार लक्षात राहतो.

‘या क्षेत्राचं भवितव्य काय वाटतं?’ हाही प्रश्न येतोच. बायजूजची मूळ कंपनी थिंक अँड लर्न जुलै २०२४ मध्ये नादारीच्या प्रक्रियेत गेली. यूट्यूबवरून सुरू झालेली फिजिक्सवाला नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दोन्ही बाजू माहीत असू द्या, कोणाची टिंगल करू नका.

ऑनलाइन फेरी मे महिन्यात असेल तर कूलरचा विचार आधी करा. खोली अगोदर गार करून घ्या आणि डेमोपुरता तो बंद ठेवा. आपल्या कानाला सवय झालेली असते, माइकला नसते. लाइट गेली तर फोनचा हॉटस्पॉट तयार असू द्या. नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाकडच्या कंपन्यांच्या वसाहतीत, बोलावलं असेल तर सीताबर्डीहून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाता येतं, पण पुढच्या टप्प्याचं काय ते आदल्या दिवशीच बघा. परसोडीचा आयटी पार्क शहरातच असल्यामुळे तिथे एवढी यातायात नाही.

मार्कशीट आणि डिग्रीच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद फक्त दाखवायला. ते ‘जमा करा’ म्हणाले, किंवा रजिस्ट्रेशन, ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे मागितले, तर सरळ उठून या. पगाराचं बोलणं निघालं की फिक्स्ड किती, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा) किती आणि हातात किती, हे वेगवेगळं विचारा. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का, नोटिस पीरियड किती, तेही. आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? विद्यार्थी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीच मोकळे असतात, त्यामुळे तुमचा रविवार बहुधा मंगळवारी येईल.