नाओको ताकेउची यांच्या चित्रसंग्रहाची जुनी प्रत कशी पारखावी

'नाकायोशी' या जपानी मासिकातून वाचकांसमोर आलेल्या सेलर मून या चित्रकथेतील नायिकेची आणि तिच्या सख्यांची, त्या चित्रकथेच्या कर्त्या ताकेउचींनी काढलेली रंगचित्रे कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने १९९४ पासून खंडशः प्रसिद्ध केली. जुना खंड घेताना आधी मागची पाने पाहावीत, कारण प्रकाशनाची तारीख आणि कितवे मुद्रण हा तपशील जपानी पुस्तकांत सहसा तेथेच असतो. कणा उन्हाने फिकटला आहे का, तेही पाहावे. त्यानंतर एखादे पान तिरप्या उजेडात धरून केसांच्या बारीक रेषा आणि पातळ रंगछटा निरखाव्यात. या चित्रांचे खरे वैभव तेथेच आहे, आणि ओलाव्याचे डागही तेथेच उमटून दिसतात. दमट हवेत चिकटलेली गुळगुळीत पाने ओढून उकलू नयेत, रंगाचा पापुद्रा निघतो.