आयुर्विमा घेताना: क्लेमच्या टेबलावरून

24 वर्षं मी एका आयुर्विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम केलं. पॉलिसी विकणारा माणूस ग्राहकाला पहिल्या दिवशी भेटतो. आमच्या टेबलासमोर ग्राहक कधीच यायचा नाही, त्याच्या मागे राहिलेलं कुणीतरी यायचं. म्हणून गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, "मावशी, कुठल्या कंपनीची पॉलिसी घेऊ?" तेव्हा मी तिला नाव सांगितलं नाही. म्हटलं, तू नाहीस आणि तुझा नवरा फाईल घेऊन एका अनोळखी टेबलासमोर बसलाय असं समज, आणि तिथून मागे मागे येत आजपर्यंत पोहोच. पुढचं सगळं आम्ही दोघींनी त्याच वाटेने केलं.

पहिला प्रश्न रकमेचा. त्याच्या हातात किती पैसे पडायला हवेत? हे उत्पन्नाच्या दहापट-वीसपट अशा ठोकताळ्यावर सोडू नये, कागदावर मांडावं. घराचा वर्षाचा खर्च 10 धरला (लाख म्हणा की हजार, इथे प्रमाण महत्त्वाचं) आणि त्यातला स्वतःवर होणारा 2 वजा केला, तर उरले 8. धाकटं मूल पायावर उभं राहायला 18 वर्षं असतील तर 144. त्यात कर्ज 40, शिक्षणासाठी 30, आणि आजची शिल्लक 34 वजा. हाती आले 180, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या 18 पट. (मिळालेल्या रकमेवरचं व्याज महागाईला पुरून उरत नाही, फक्त बरोबरी करतं, असं यात धरलंय.) भाचीने आकडा पाहिला आणि गप्प झाली, कारण तिला जी पॉलिसी दाखवली होती तिचं संरक्षण याच्या दहाव्या भागाइतकंही नव्हतं. मी पाहिलेल्या बहुतेक फाइलींमध्ये हेच दुखणं होतं. क्लेम मंजूर झाला, पैसे वेळेवर गेले, आणि वर्ष-दीड वर्षात संपले.

एवढं मोठं संरक्षण झेपेल अशा हप्त्यात फक्त टर्म पॉलिसीतच मिळतं. ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर पैसे, नाही झाला तर काही नाही. "मग हप्ते वाया गेले ना?" असं लोक विचारतात. ज्या वर्षांत तुमच्यावर कुणीतरी अवलंबून होतं त्या प्रत्येक वर्षाचं संरक्षण तुम्ही घेतलंत आणि वापरलंत. हप्ते परत देणारा टर्म प्लॅनही मिळतो, पण त्याचा हप्ता जास्त असतो आणि ते जास्तीचे पैसे किती दराने वाढून परत येतात हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

तो हिशेब एंडोमेंटसाठी, म्हणजे मुदत संपल्यावर ठरलेले पैसे आणि मध्ये मृत्यू झाला तर विमा रक्कम देणाऱ्या बचतीच्या पॉलिसीसाठी, एकदा करून पाहा, मग कुठल्याही बचतीच्या पॉलिसीला लावता येईल. वर्षाला 100 असे 20 हप्ते भरायचे, 20 वर्षं पूर्ण झाली की 3,500 मिळणार. विकणारा म्हणेल, 2,000 भरा, 3,500 घ्या, 75 टक्के फायदा. पण पहिला हप्ता 20 वर्षं अडकलेला असतो, शेवटचा एकच वर्ष. प्रत्येक हप्ता किती काळ अडकला ते धरून वार्षिक दर काढला तर तो जेमतेम 5 टक्के येतो. कॉम्प्युटरवरच्या कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात 20 वेळा उणे 100 आणि एकविसाव्या ओळीत 3,500 लिहा, अंतर्गत परताव्याचं सूत्र लावा, दोन मिनिटांत उत्तर समोर येतं. हा दर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. ज्याला सक्तीशिवाय बचत जमत नाही आणि जोखीम सोसवत नाही त्याला तो पटू शकतो. दर माहीत असताना सही करावी, एवढाच माझा आग्रह आहे. आणि फक्त हमी दिलेल्या रकमेवर हिशेब करावा. बोनसचा, म्हणजे कंपनीच्या नफ्यातल्या वाट्याचा, आकडा हा अंदाज असतो, तो वेगळ्या ओळीत राहू द्या.

युनिट-लिंक्ड पॉलिसीत, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारात गुंतवणाऱ्या पॉलिसीत, बाजाराची जोखीम तुमची असते आणि कंपनीचा खर्च आधी कापला जातो. 100 गुंतवले आणि 20 वर्षं 8 टक्क्यांनी वाढले तर 466 होतात. दरवर्षी 2 टक्के खर्चात गेले, म्हणजे हातात 6 टक्के आले, तर 321. म्हणून माहितीपत्रकातला शुल्काचा तक्ता आधी वाचा, रंगीत आलेख नंतर.

बचतीच्या पॉलिसीबद्दल आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: मध्येच सोडली तर काय मिळेल? यामागे इतिहास आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. वय वाढतं तशी मृत्यूची शक्यता वाढते. 1693 साली खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून ती वयानुसार मांडून दाखवली. पुढे जेम्स डॉडसन या गणितज्ञाने आयुष्यभर सारखाच राहील असा हप्ता कसा काढायचा ते मांडलं, आणि त्याच तत्त्वावर 1762 मध्ये लंडनला इक्विटेबल ही विमा संस्था उभी राहिली. हप्ता सारखा ठेवायचा तर तरुणपणी जोखमीपेक्षा जास्त घ्यावा लागतो. तो जादा पैसा कंपनीकडे साठतो, आणि तो मुळात तुमचाच असतो. पण हप्ता थांबला की पूर्वी कंपन्या तो गिळून टाकत. एलिझर राइट हा अमेरिकन गणितज्ञ 1844 मध्ये लंडनला गेला असताना त्याने थकल्याभागल्या म्हाताऱ्यांच्या पॉलिसींचे लिलाव पाहिले. बोली लावणारे पॉलिसी विकत घेऊन त्यांच्या मरणाची वाट पाहणार होते, म्हणजे विम्याचे पैसे त्यांना मिळतील. ते त्याला विसरता आलं नाही. त्याच्या खटपटीतून 1861 मध्ये मॅसेच्युसेट्स राज्यात कायदा झाला की हप्ता थांबला तरी साठलेल्या पैशाचं मोल ग्राहकाला मिळालं पाहिजे. आजच्या सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणाऱ्या रकमेच्या, मुळाशी ही लढाई आहे.

तेव्हा तक्ता मागा. तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी सोडली तर किती भरलेले असतील, किती हातात येतील, हे तीन आकडे लेखी घ्या. हप्ते थांबवून कमी रकमेची पेड-अप पॉलिसी करता येते का, तेही विचारा. सुरुवातीच्या वर्षांचे आकडे पाहून बरेच जण तिथेच थांबतात.

आता कंपनी. सगळे क्लेम सेटलमेंट रेशो, म्हणजे आलेल्या दाव्यांपैकी किती दिले, ते विचारतात, आणि तो कसला रेशो आहे हे कुणी विचारत नाही. एका वर्षात 1,000 मृत्युदावे आले असं धरा. 950 लहान, प्रत्येकी 1 चे. 50 मोठे, प्रत्येकी 20 चे. कंपनीने सगळे लहान दिले आणि मोठ्यांपैकी 20 नाकारले. संख्येने पाहिलं तर 98 टक्के, जाहिरातीला उत्तम. रकमेने पाहिलं तर 1,950 पैकी 1,550, म्हणजे 80 टक्क्यांहूनही कमी. तुम्ही मोठी टर्म पॉलिसी घेणार असाल तर तुमचा गट तो 50 चा आहे. म्हणून आकडा रकमेनुसार हवा, फक्त मृत्युदाव्यांचा हवा (मुदत संपल्यावर द्यायचे पैसे त्यात मिसळलेले नकोत), सामूहिक पॉलिसी वगळून हवा, आणि तीन-चार वर्षांचा हवा. शिवाय प्रलंबित किती आणि दिले ते किती दिवसांत, हेही पाहा.

पॉलिसी 30 वर्षं चालणार असेल तर कंपनीनेही तेवढं टिकायला हवं. सॉल्व्हन्सी रेशो हे सांगतो: देणी भागवण्यासाठी नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) ठरवलेल्या किमान भांडवलाच्या तुलनेत कंपनीकडे प्रत्यक्षात किती आहे. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा पाच वर्षांची चढण की उतरण ते पाहावं. पतमानांकन, म्हणजे कंपनीच्या आर्थिक बळाला दिलेली श्रेणी, तीही पाहावी, पण ते एका संस्थेचं मत असतं एवढं लक्षात ठेवून.

आणि हमीचा आकडा इतरांपेक्षा फार मोठा दिसला की तो पेलणार कसा हे विचारावं. वर सांगितलेल्या इक्विटेबलने पुढे काही निवृत्तिवेतनांवर दराची हमी दिली होती. व्याजदर उतरले, आयुर्मान वाढलं, ती हमी जड झाली. जुलै 2000 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) निकाल दिला की दिलेला शब्द पाळावा लागेल, आणि त्या डिसेंबरमध्ये दोनशेहून जास्त वर्षांच्या त्या संस्थेने नवीन ग्राहक घेणं बंद केलं. जपानमध्ये 1997 साली निस्सान म्युच्युअल लाइफ बुडाली. तिथेही चढ्या दराची वचनं आणि उतरलेले व्याजदर हेच होतं. अशा वेळी ग्राहकांना वाचवणारा निधी काही देशांत आहे, काहींत नाही, आणि असला तरी त्याला मर्यादा असते. आपल्याकडे काय आहे ते नियामकाच्या संकेतस्थळावर वाचावं.

मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा पर्सिस्टन्सीचा आहे. विकलेल्या 100 पॉलिसींपैकी पाच वर्षांनी किती चालू आहेत? निम्म्याहून जास्त लोकांनी सोडून दिल्या असतील तर त्या त्यांच्या गरजेला किंवा खिशाला न बसणाऱ्या होत्या, असं मी समजते.

रायडरबद्दल, म्हणजे मूळ पॉलिसीला जादा पैसे देऊन जोडायच्या संरक्षणाबद्दल, थोडक्यात. अपंगत्व किंवा गंभीर आजारात पुढचे हप्ते माफ करणारा रायडर मला मोलाचा वाटतो. अपघाती मृत्यूचा रायडर स्वस्त असतो, कारण तो एकाच कारणासाठी पैसे देतो. मृत्यू कशाने झाला यावर घराचा खर्च ठरत नाही. त्या पैशात मूळ विमा रक्कम वाढत असेल तर ती वाढवावी.

आता अर्ज. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या टेबलावर नाकारल्या गेलेल्या बहुतेक क्लेमचं मूळ या कागदात होतं.

एक फाईल मला अजून आठवते. चाळिशीतला माणूस, संरक्षण मोठं, दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराने गेला. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मृत्यू झाला की चौकशी खोलवर होते. दवाखान्याच्या कागदांत चार वर्षांपासूनचा मधुमेह निघाला. अर्जात त्या प्रश्नासमोर 'नाही' होतं. अक्षर एजंटचं, सही त्याची. बायको म्हणाली, "ताई, ते दर सकाळी गोळी घ्यायचे, सगळ्यांना माहीत होतं. लपवलं नव्हतं हो." मला तिच्यावर विश्वास होता. पण कंपनीने जोखीम घेतली होती ती कागदावरच्या माणसाची. भरलेले हप्ते परत गेले, विमा रक्कम नाही. मधुमेह लिहिला असता तर हप्ता थोडा वाढला असता, इतकंच.

म्हणून अर्ज स्वतः भरा. कोऱ्या किंवा अर्धवट अर्जावर सही नको. घेतलेली औषधं, झालेल्या शस्त्रक्रिया, आई-वडिलांचे आजार, याआधी कुठे अर्ज नाकारला गेला असेल तर तो, दुसऱ्या कंपनीच्या चालू पॉलिसी, धोक्याचं काम किंवा छंद, सगळं लिहा. "कधीतरी एखादी सिगरेट" म्हणजे धूम्रपान 'होय'. लघवीच्या तपासणीत निकोटीनपासून बनणारं कोटिनिन सापडतं, आणि नंतर सापडलं तर घरच्यांना महागात पडतं. वैद्यकीय तपासणी न करता पॉलिसी देतो म्हणणाऱ्यांपेक्षा तपासणी करून देणारा मला बरा वाटतो, कारण तुमची प्रकृती तेव्हाच नोंदली जाते. पॉलिसी हातात आली की अपवादांचं पान आणि अर्जाची जोडलेली प्रत त्याच आठवड्यात वाचा. न पटल्यास परत करायला काही दिवसांची मुदत असते, ती पॉलिसीवरच लिहिलेली असते.

दुसरी फाईल. हप्ता खात्यातून आपोआप जायचा. माणसाने बँक बदलली, जुनं खातं बंद केलं, हप्ता गेला नाही. स्मरणपत्रं जुन्या पत्त्यावर गेली. ग्रेस पीरियड, म्हणजे हप्ता चुकल्यावर तो भरायला मिळणारी सवलतीची मुदत, 30 दिवसांचा होता आणि मृत्यू एक्केचाळिसाव्या दिवशी झाला. त्या पॉलिसीचे अकरा वर्षांचे हप्ते वेळेवर भरलेले होते. टर्म पॉलिसी होती, त्यामुळे मागे काहीच उरलं नाही. वर्षाचा हप्ता एकदम भरणं झेपत असेल तर तसा भरा. बारा महिन्यांच्या हप्त्यांची बेरीज बहुधा त्याहून जास्त येते आणि चुकायच्या जागाही बारा होतात. पत्ता, फोन, खातं बदललं की त्याच दिवशी कंपनीला कळवा.

नॉमिनीचं (मृत्यूनंतर पैसे घ्यायला नेमलेल्या माणसाचं) नाव लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू या प्रत्येकानंतर तपासायचं. लग्नाआधी लिहिलेलं वडिलांचं नाव तसंच राहतं, वडील आधीच गेलेले असतात, आणि मग वारसाचे कागद जमवण्यात महिने जातात. नॉमिनी अल्पवयीन असेल तर पालक कोण तेही लिहा. आणि पॉलिसी आहे हे घरात किमान दोघांना माहीत असू द्या.

भाचीने शेवटी टर्म पॉलिसी घेतली, 180 च्या हिशेबाने, धाकटा 18 वर्षांनी मोठा होईल त्याच्या पुढे तीन वर्षं जास्त धरून. पॉलिसी आल्यावर तिने अर्जाची प्रत वाचली आणि संध्याकाळी मला फोन केला. बाळंतपणात तिला रक्तदाबाची गोळी तीन महिने सुरू होती, ती लिहायची राहून गेली होती. मी म्हटलं, आत्ताच कळव. तिने लेखी कळवलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. नऊ दिवसांनी उत्तर आलं: नोंद घेतली, हप्त्यात बदल नाही. ते पत्र तिने पॉलिसीच्या पहिल्या पानामागे लावलंय आणि फाईल कुठे ठेवली ते नवऱ्याला दाखवलंय.