छोटा कॅमेरा की डीएसएलआर? पैसे मोजण्याआधी हे करून पाहा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेलचा?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. शर्टाच्या खिशात मावणारा कॅननचा इक्सस १८५ हा २० मेगापिक्सेलचा, आणि कॅननचाच ३०००डी हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, १८ मेगापिक्सेलचा. आकड्यात छोटा पुढे आहे. तरी तिन्हीसांजेला अंगणात काढलेले दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा, कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे कुणीही सांगेल.

माझं मत आधीच स्पष्ट मांडतो. डीएसएलआरसोबत आलेली लेन्स तुम्ही कधीच काढणार नसाल, दुसरी लेन्स घेण्याचा विचारही नसेल, तर डीएसएलआर घेऊ नका. त्यापेक्षा सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारा आतला भाग, मोठा असलेला छोटा कॅमेरा घ्या. आणि दुसरी लेन्स घ्यायची तयारी असेल, तर खिशातल्या कॅमेऱ्याच्या मोहात पडू नका. हे असं का, ते पुढे ओघाने येईलच. पण सुरुवात दुकानातून करायची नाही, घरातून करायची.

आधी फोनमधले फोटो चाळा

गेल्या वर्षभरातले तुमच्या फोनमधले फोटो उघडा आणि निवांत बसून बघा. चांगले आलेले सोडून द्या, बिघडलेल्यांकडे लक्ष द्या. कागदावर चार रकाने पाडा: उजेड कमी पडला, माणूस हलला, लांबचं नीट आलं नाही, वेळेवर फोटो निघालाच नाही. प्रत्येक बिघडलेला फोटो यातल्या एका रकान्यात जातो. नातीचा नाच, मंगल कार्यालयातला मंद उजेड, भिगवणच्या पाण्यात दूर उभे असलेले रोहित पक्षी (फ्लेमिंगो), शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत. कोणता रकाना भरला यावरून तुम्हाला काय हवंय ते कळतं. जाहिरात वाचून ते कळत नाही.

लांबच्या गोष्टींचा रकाना भरला असेल तर लेन्स बदलता येणारा कॅमेराच हवा. हलणाऱ्या मुलांचा किंवा वेळेवर न निघालेल्या फोटोंचा भरला असेल तर फोकस झटकन लागायला हवा, आणि त्यात डीएसएलआर पुढे आहे. फक्त उजेडाचा भरला असेल तर मात्र थांबा, तिथे थोडा हिशेब करावा लागतो. आणि सगळेच रकाने जवळजवळ रिकामे राहिले तर फोनच पुरेसा आहे. ते पैसे एखाद्या प्रवासाला लावा.

उजेडाचा हिशेब

फोटोचा दर्जा बराचसा दोन गोष्टींवर ठरतो: लेन्समधून किती उजेड आत येतो आणि तो झेलणारा सेन्सर केवढा आहे. इक्ससमधला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. कॅनन १५००डी या सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर जवळपास बारापट. म्हणून उजेड कमी झाला की छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे दिसू लागतात आणि चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अगदी छोट्या आणि स्वस्त कॅमेऱ्यांतला हा दाण्याएवढा सेन्सर आज बहुतेक बऱ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा लहान असतो. हे कॅमेरे फोनला मागे टाकतात ते आठपटीच्या खऱ्या झूममध्ये आणि झगझगीत फ्लॅशमध्ये. दोन्ही नको असतील तर तसला कॅमेरा घेऊन हाती फारसं नवं काही लागणार नाही. एक अपवाद आहे: बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळच्या फोटोच्या सोयीवर, ठेवलं की एक-दोन सेंटिमीटरवरूनही फोकस लागतो, आणि सेन्सर लहान असल्यामुळे फुलाचा पुढचा-मागचा भाग एकदम स्पष्ट येतो. कासच्या पठारावर बोटभर उंचीची फुलं टिपायची तर ही मोठी सोय आहे. डीएसएलआरची किट लेन्स, म्हणजे सोबत मिळणारी, साधारण पाव मीटरच्या अलीकडे फोकस घेत नाही.

आता मधला पर्याय बघू. एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. सोनीने २०१२ साली आरएक्स१०० हा २४० ग्रॅमचा कॅमेरा याच सेन्सरसह आणला, आणि खिशातल्या कॅमेऱ्याकडे गंभीरपणे बघायला सुरुवात झाली. २०१४ च्या आरएक्स१०० मार्क-३ मध्ये लेन्स आली जुन्या फिल्मच्या हिशेबात २४-७० मिलिमीटर, एफ/१.८ ते २.८. मिलिमीटरचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं, एफपुढचा आकडा लहान तितका उजेड जास्त. कॅननच्या जी७एक्स मार्क-२ मध्येही असाच सेन्सर आणि तितकीच उजळ लेन्स आहे.

या मार्क-३ ची गाठ किट लेन्सवाल्या १५००डीशी घालून पाहा. दोघांनाही सारखंच झूम करा, म्हणजे साध्या चेहऱ्याच्या फोटोला लागतं तेवढं. सोनीची लेन्स तिथे एफ/२.८ वर उघडी राहते, किट लेन्स एफ/५ च्या आसपास आवळलेली असते. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच भागावर सोनीची लेन्स तिप्पट उजेड टाकते. सेन्सर मात्र तिचा जवळजवळ तिप्पट लहान. शेवटी दोघांच्या पदरात उजेड सारखाच पडतो. मागचं दृश्य धूसर होण्याचंही असंच, फरक उन्नीस-बीस. म्हणजे एवढा मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून हाती आलेला फोटो खिशातल्या कॅमेऱ्याइतकाच. किट लेन्स न काढणाऱ्याने डीएसएलआर घेऊ नये असं मी म्हणतो ते यामुळे.

पण त्याच १५००डीवर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स चढवा. ही कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक, वजन १६० ग्रॅम. तेवढ्याच झूमवर किट लेन्स एफ/५.६ ला असते, ही एफ/१.८ ला. उजेड साडेनऊ पट. किट लेन्सवर सेकंदाच्या पंधराव्या भागात शटरची उघडझाप होऊन हललेला फोटो आता सव्वाशेव्या भागात स्वच्छ येतो, आणि मागचे दिवे विरघळून गोल होतात. आरतीच्या निरांजनाच्या उजेडात आजीचा चेहरा टिपायचा असेल तर या लेन्सला खिशातल्या कुठल्याही सामान्य कॅमेऱ्याचं उत्तर नाही.

पक्ष्यांचंही तेच. ५५-२५० ची लेन्स १५००डीवर लावली की तिची पोहोच जुन्या फिल्मच्या हिशेबात ४०० मिलिमीटरपर्यंत जाते. आरएक्स१०० मार्क-३ सत्तरला थांबतो, २०१९ चा मार्क-७ दोनशेपर्यंत जातो. ताडोबात वाघ रस्त्यावर आला तर दोनशे पुरेल, झाडीत बसलेला असेल तर नाही.

ओझ्याचं गणित वजनकाट्यावर करा

१५००डी बॅटरीसकट ४७५ ग्रॅम, किट लेन्स २००, पन्नासची १६०, ५५-२५० ची ३७५. झाले बाराशे ग्रॅम, आणि पिशवी वेगळीच. तेवढ्या वजनाचं काहीतरी, पाण्याची भरलेली बाटली चालेल, एका रविवारी दिवसभर खांद्याला लावून हिंडा. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढणाऱ्याचे दोन्ही हात कातळावर असतात. तिथे डीएसएलआर सॅकमध्ये राहतो आणि फोटो माथ्यावर पोचल्यावरच निघतात. कमरेच्या पाऊचमधला कॅमेरा वाटेत दहा वेळा बाहेर येतो. गड-किल्ले हाच तुमचा मुख्य विषय असेल तर छोटा कॅमेरा घ्या, पण वर सांगितलेला एक इंची सेन्सरवालाच.

बॅटरीत मात्र डीएसएलआर सरस. डोळा लावून बघायच्या खिडकीतून फोटो काढले तर १५००डी एका चार्जवर ५०० च्या आसपास जातो, निकॉनचा डी३५०० तर दीड हजारावर. छोट्या कॅमेऱ्यांना दोनशे ते तीनशेची मर्यादा असते. अर्थात आरएक्स१०० पॉवर बँकेवरही चार्ज होतो, १५००डीची बॅटरी काढून चार्जरलाच लावावी लागते. वारीसोबत चार मुक्काम चालायचं असेल तर या फरकाला महत्त्व आहे.

आवाजाचाही विचार करा. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर उडतो आणि खट्ट होतं. गाण्याच्या बैठकीत, तानपुरा लागलेला असताना, ते शेजारच्याला नक्की खुपतं. छोट्या कॅमेऱ्याचा आवाज बंद केला तर कुणाला पत्ताही लागत नाही.

व्हिडिओच जास्त करायचे असतील तर १५००डीसारखा सुरुवातीचा डीएसएलआर सोडून द्या. चालत्या माणसावर फोकस धरून ठेवणं त्याला जड जातं.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या

दुकानातल्या लखलखीत उजेडात सगळेच कॅमेरे गुणी दिसतात. म्हणून दुकानाचा अंधारा कोपरा शोधा, आयएसओ (कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवणारा आकडा) १६०० आणि ३२०० वर दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच फोटो काढा आणि तो घरच्या संगणकावर मोठा करून पाहा. मग सोबत आलेल्याला तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. चष्मा असेल तर तो लावूनच खिडकीतून पाहा. सगळी चौकट दिसते का? बोटं मोठी असतील तर इक्ससच्या आकाराच्या कॅमेऱ्याची बटणं दाबून बघा, काहींना ती छळतात.

एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुढे बाहेरचा फ्लॅश घ्यायचा विचार असेल तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर, जिथे फ्लॅश सरकवतात, तिथे मधोमध धातूचा गोल ठिपका आहे का ते बघा. कॅननने २००डी मार्क-२ मध्ये तो ठेवलेलाच नाही. बाजारातले बरेच स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (लांबून फ्लॅश पेटवणारी यंत्रं) त्या ठिपक्यावरच चालतात, त्यामुळे ते या कॅमेऱ्यावर पेटत नाहीत. निकॉनच्या डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून एएफ-डी जातीच्या जुन्या लेन्सांवर फोकस हाताने फिरवावा लागतो. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सांत स्वतःची मोटर असते, त्या बिनधास्त घ्या.

नवा की जुना

कॅनन आणि निकॉन या दोघांचाही भर आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे सुरुवातीचा डीएसएलआर कोरा घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. त्याच पैशात सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि वर एक चांगली लेन्स येते. लेन्सवर घातलेले पैसे वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या मिररलेस बॉडीवर चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्सही तशाच. मुंबईत फोर्टात बोरा बाजारात अशी दुकानं ओळीने आहेत. इतर शहरांत जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करा, विकणाऱ्याचा पत्ता बहुधा तिथेच लागतो.

जुना डीएसएलआर पाहताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले गेले, ते विचारा. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं; वीस-तीस हजार झाले असतील तर काळजी नाही, ऐंशी हजार असतील तर भाव पाडून मागा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. कॅननला कॅमेरा संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. मग लेन्स एफ/१६ ला आवळून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. त्यात काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे; ती साफ होते, पण तो खर्च भावातून वजा करून घ्या. लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, तिथे सौदा मोडायचा.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यात तपासणी वेगळी. तो आठ-दहा वेळा चालू-बंद करा, झूम पूर्ण आत-बाहेर न्या. लेन्स बाहेर येताना कुरकुर झाली किंवा अडखळली तर कॅमेरा परत द्या. वाळूचा एक कण आत गेला की ही यंत्रणा अडकते, आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. समुद्रावर नेणार असाल तर हे आधीच मनात धरा.

घरी आणल्यावर

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतला ओलावा लेन्सला खातो. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी सर्वांत लवकर लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल पसरा, आत साधा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखा. जेलचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. ती कढई मात्र परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा, लेन्सला उजेड आणि वारा मिळू द्या.

बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सीरियल नंबर वेगवेगळा लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे याची दुकानातच खात्री करा. परत करण्याची मुदत असेल त्या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवू नका. तुमच्या त्या चार रकान्यांतला जो सर्वांत भरलेला होता, तसलेच फोटो त्या दिवसांत काढा; ते सुधारले नाहीत तर मुदत संपायच्या आत बिल घेऊन दुकानात जा.