बाहुलीघर टिकवायचंय? मग या चुका टाळा

बाहुलीघर बाहुल्यांमुळे सहसा मोडत नाही. छपरावर हात रोवून उभं राहणारं, खालच्या खोलीत स्वतःच घुसून बसणारं पोर ते मोडतं. त्यामुळे घर विकत घेताना काय किंवा बनवताना काय, हिशेब मुलाच्या वजनाचा आणि हाताचा धरायचा.

सगळ्यात मोठी चूक पाठीची. दोन्ही बाजूंनी खेळता यावं म्हणून मागची बाजू उघडी ठेवतात, नाहीतर पातळ पुठ्ठा ठोकून वेळ मारून नेतात. मग सगळी चौकट नुसत्या कोपऱ्यांवर तगून असते. बाजूने रेटा बसला की चौकोन तिरका होतो आणि सांधे ढिले पडत जातात. दुकानात घर पाहताना छपराचा कोपरा धरून आडवं ढकलून बघा. डुललं तर रंगरूप कितीही गोड असो, नको.

घरातलं बाहुलीघर डुलायला लागलं असेल तर कोपऱ्यांत आणखी खिळे ठोकत बसू नका, लाकूड फाटेल. आधी दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात आली. मग 4 मिमी प्लायवूडची पाठ गोंद लावून, कडेने साधारण 10 सेमी अंतरावर बारीक स्क्रू मारून बसवा. दोन्हीकडून उघडं हवंच असेल तर मधोमध, पाठीला समांतर, खालपासून वरपर्यंत एक सलग भिंत घाला. काम तेच होतं.

दुसरी चूक म्हणजे एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, गुळगुळीतपणावर भुलणं. रंग त्यावर सुरेख बसतो, हे खरं. पण कडेतून पाणी शिरलं की ते फुगतं आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. कडेत थेट स्क्रू पिळला तर पदर सुटतात. भिंतींना आणि मजल्यांना 9 मिमी प्लायवूड बरं, आणि स्क्रूआधी बारीक भोक पाडायचंच. मजल्याची फळी बसायला भिंतीत 3 मिमी खोल खाच घेतली तर भार स्क्रूवर न येता लाकडावर येतो. एखादा स्क्रू नुसताच फिरत असेल तर तो काढा, गोंदात बुडवलेल्या टूथपिक भोकात ठासून भरा, रात्रभर वाळू द्या, वर आलेली टोकं कापा आणि स्क्रू परत पिळा. हॉट ग्लू मात्र पडद्यांपुरता ठेवा. उष्णतेने तो मऊ पडतो.

मोजमापात लोक बाहुलीकडे बघतात आणि मुलाचा हात विसरतात. खोली अरुंद आणि खोल असली की मूल कोपरापर्यंत हात घालतं आणि बाहेर काढताना मजलाच उचकटतं. 12 सेमीच्या बाहुलीला 25 सेमी उंचीची खोली आपल्याला अवाढव्य वाटते, खेळायला तीच सोयीची. दारं तर लहानांच्या घराला नसलेलीच बरी. बोटं चेमटतात आणि बिजागरी सगळ्यात आधी उपटते.

सामानाचं जरा नीट बघा. संग्राहकांच्या बाहुलीघरांचं नेहमीचं प्रमाण 1:12, म्हणजे आपला 7 सेमीचा कप तिथे जेमतेम 6 मिमीचा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुमारे 32 मिमी व्यासाची नळी वापरून तपासणी करतात. कुठल्याही दिशेने त्या नळीत पूर्ण मावेल ती वस्तू त्या वयाला चालत नाही. छोटे दिवे लावायची हौस असेल तर बटन सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. मूल मोठं असलं तरी हे सोडू नका. सुटे चुंबक नकोतच.

रंगाचे पोपडे निघत असतील तर बहुधा चकचकीत पृष्ठभाग न घासताच वर रंग मारलेला असतो. पोपडे खरवडा, पॉलिश पेपर फिरवा, मग शिसं नसलेला पाण्यातला रंग लावा. मात्र घर जुनं असेल आणि मूळ रंगात शिसं असण्याची शंका असेल तर घासूच नका. ती धूळ पोटात जाते. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं. डब्यावर दिलेली मुदत पाळा. छोटी मुलं कडा चावतात, आणि छपराची आधी.

एवढा खटाटोप नको असेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याचं घर करा. फक्त भिंती कापताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असं बघा. आडव्या आल्या तर भिंत मधोमध दुमडते.