केशनलिकेचा आतला व्यास मोजताना या चुका टाळा

पाण्याची विष्यंदिता (व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध) काढण्याच्या प्रयोगात एका विद्यार्थिनीचे उत्तर ४.३ मिलिपास्कल-सेकंद आले. २७ अंश सेल्सिअस तापमानाला ते सुमारे ०.८५ यायला हवे होते. वेळ, पाण्याचे आकारमान आणि उंची यांच्या नोंदी बिनचूक होत्या, आकडेमोड दोनदा तपासून झाली होती. चूक फक्त व्यासात होती. केशनलिका (अगदी बारीक पोकळीची काचनळी) टेबलावर आडवी ठेवून तिने ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून (मोजपट्टीवर सरकणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून) वरून पाहिले होते आणि आतल्या पोकळीच्या दोन कडांमधले अंतर १.५ मिमी नोंदवले होते, जेव्हा खरा व्यास १ मिमी होता.

जाड भिंतीची गोल काचनळी स्वतःच भिंगाचे काम करते. बाजूने पाहिल्यास तिची पोकळी काचेच्या अपवर्तनांकाइतक्या पटीने, म्हणजे साधारण दीडपट, रुंद दिसते. विष्यंदिता काढण्याच्या पॉयझेच्या सूत्रात त्रिज्येचा चौथा घात येतो आणि १.५ चा चौथा घात पाचाहून थोडा जास्त आहे, त्यामुळे उत्तर बरोबर तेवढेच फुगले. पृष्ठताणाच्या प्रयोगात (यात नळीत पाणी किती वर चढते ते पाहतात) त्रिज्या पहिल्याच घातात असल्याने तीच चूक दीडपटीवर थांबते आणि म्हणून अनेकदा खपूनही जाते. व्यास मोजायचा तो नळीच्या टोकाकडूनच: नळी स्टँडमध्ये आडवी धरावी, मायक्रोस्कोपची नळीही आडवी करावी आणि दोन्हींचे अक्ष एका रेषेत आणावेत. पोकळीच्या आतली भिंत एका बाजूला अधिक दिसत असेल, तर नळी अजून तिरकी आहे असे समजावे.

टोक कपचे उडालेले असेल तर कोणती कड खरी हे डोळ्याला ठरवता येत नाही. अशा वेळी कानशीने चरा पाडून नळी नव्याने तोडावी, ती कोरडी करावी आणि पलीकडच्या टोकामागे दिवा ठेवावा. काचेची भिंतही उजळून निघत असेल, तर टोकाच्या कडेवर काळ्या मार्करचा अगदी पातळ हात फिरवावा. मात्र शाई पोकळीत उतरू देऊ नये.

क्रॉसवायर (आयपीसमधून दिसणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तारा) लावण्यात होणारी चूक अधिक फसवी असते, कारण ती वहीत कुठेच दिसत नाही. विद्यार्थी तारांचा छेदबिंदू वर्तुळाच्या डाव्या कडेवर आणि मग उजव्या कडेवर आणतात. आडवी तार केंद्रापासून ०.१ मिमी वर किंवा खाली राहिली, तर १ मिमी व्यासाऐवजी ०.९८ मिमी लांबीची जीवा मोजली जाते आणि विष्यंदितेत सुमारे आठ टक्के घट होते. उभी तार कडेला स्पर्शिका होईल अशीच लावावी. मग छेदबिंदू कुठे आहे याने काही बिघडत नाही. त्याआधी आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) पुढे-मागे करून तारा ठळक कराव्यात, मगच नळीच्या टोकावर फोकस करावा. डोके किंचित हलवल्यावर तार कडेवरून सरकत असेल, तर पॅरलॅक्स (तार आणि कडेची प्रतिमा एकाच प्रतलात नसणे) शिल्लक आहे. दोन कडांच्या वाचनांदरम्यान फोकसला हात लावू नये.

स्क्रू एकाच दिशेने फिरवा, हे सगळेच सांगतात; त्याचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. मायक्रोमीटर ड्रम (स्क्रूवरची आकडे असलेली चकती) असलेल्या उपकरणात स्क्रूचा खेळ, म्हणजे दिशा बदलताना तो थोडा मोकळा फिरणे, थेट वाचनात येतो. व्हर्नियर (बारीक वाचनाची सरकपट्टी) कॅरेजवरच, म्हणजे मायक्रोस्कोप वाहून नेणाऱ्या भागावरच, असेल तर तो तसा येत नाही, परंतु दिशा बदलताना झिजलेल्या खाचेत कॅरेज किंचित तिरके होते आणि तोच बिघाड दुसऱ्या वाटेने आत शिरतो. कड ओलांडून पुढे गेलात तर बरेच मागे या आणि पुन्हा त्याच दिशेने कडेपर्यंत या. शून्य त्रुटीवर मात्र वेळ घालवू नये. वजाबाकीत ती आपोआप जाते.

गोव्यातील प्रयोगशाळांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चतुर्थीच्या सुटीत खोल्या बंद राहतात आणि दमट हवेत ऑब्जेक्टिव्हवर (मायक्रोस्कोपच्या वस्तूकडील भिंगावर) बुरशी धरते. तिची जाळी कोरड्या कापडाने घासली तर भिंगावर ओरखडे पडतात, आणि तशीच ठेवली तर पोकळीची कड जाड व धूसर दिसते. सुटीपूर्वीच उपकरण सिलिका जेलसह घट्ट पेटीत ठेवावे आणि जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ते तापवून वाळवावे.

लघुतम माप (उपकरणावर वाचता येणारे सर्वांत लहान अंतर) ०.०१ मिमी असताना दोन्ही कडांवर एकेक घराची चूक झाली, तर ०.५ मिमी व्यासात ती ०.०२ मिमी, म्हणजे चार टक्के होते. त्यासाठी एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्यास मोजावेत, नळीचे दुसरे टोकही मोजावे आणि प्रत्येक वाचन किमान तीनदा घ्यावे. दोन टोकांचे आकडे जुळत नसतील, तर नळी निमुळती आहे. विष्यंदितेसाठी तेव्हा पूर्ण लांबीची सरासरी लागते; पृष्ठताणासाठी मात्र पाणी जिथवर चढले होते तिथली त्रिज्या लागते, म्हणून ती खूण आधी करून नळी नेमकी तिथेच तोडावी आणि त्या नव्या टोकाचा व्यास मोजावा.