जुन्या गाडीत सुधारणा करताना पैसे कुठे घालावेत

दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी अधिक चपळ व्हावी, घाटातल्या वळणावर अधिक विश्वासाने रस्ता धरून राहावी असे वाटू लागले की बहुतेकांचे लक्ष आधी इंजिनाकडे आणि सायलेन्सरकडे जाते. माझा अनुभव असा आहे की जुन्या गाडीत नवे काही बसवण्यापूर्वी तिने झिजून गमावलेले परत मिळवून देणे हीच सर्वांत मोठी आणि पैशाला पैसा वसूल करून देणारी सुधारणा ठरते. हे नीट समजावे म्हणून एकच गाडी उदाहरणादाखल घेतो. ती म्हणजे २००५ साली आपल्याकडे आलेली पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट. १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन, सुमारे ८७ अश्वशक्ती आणि साधारण एक टन वजन अशी ही गाडी आजही पुण्या-मुंबईपासून कोकणापर्यंत भरपूर दिसते. माझी २००६ची आहे आणि पुढे लिहिलेले बहुतेक सारे मी तिच्यावर करून पाहिलेले आहे. झेन, एस्टीम, पालिओ किंवा जुनी सिटी यांनाही हाच क्रम लागू पडतो.

सुरुवात गाडीखाली जाऊन करावी. गाडी रॅम्पवर घ्यावी आणि मेकॅनिकबरोबर स्वतः हातात टॉर्च घेऊन उभे राहावे. पुढचे चाक गाडीला खालून जोडणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या बाजूला जो मोठा रबरी बुश असतो, त्याच्याजवळ टॉमी (छोटी पहार) लावून आर्म हलकेच उचकटून पाहावा. चांगले रबर थोडे दबते आणि लगेच जागेवर येते. संपलेल्या बुशमध्ये आतली लोखंडी नळी सैल डोलते आणि रबरावर नखाएवढ्या रुंद भेगा उघडलेल्या दिसतात. अशा बुशची गाडी ब्रेक मारताच किंचित एका बाजूला ओढते, कारण चाक मागे सरकते आणि त्याचा कोन बदलतो. याच वेळी बॉल जॉईंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड हे चाकांचे आणि स्टेअरिंगचे सांधे आणि इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग्जही पाहून घ्यावीत. शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा असेल, किंवा टायरवर हात फिरवल्यावर ठिकठिकाणी खळगे लागत असतील, तर शॉकअप संपले आहेत असे समजावे. नुसते बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते हे पाहण्याची चाचणी अगदीच निकामी झालेले शॉकअप तेवढे दाखवते, अर्धे मेलेले शॉकअप तिला सापडत नाहीत.

हे भाग बदलताना एका गोष्टीकडे हट्टाने लक्ष द्यावे, कारण ती बऱ्याच गॅरेजमध्ये घाईत राहून जाते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. गाडी हवेत, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर बुशचे रबर त्या स्थितीत पकडले जाते, आणि गाडी खाली उतरवली की ते कायमचे पिळलेले राहते. असा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष मात्र मालाला दिला जातो. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत, आणि त्यांच्याबरोबर वरचे माउंट, त्यातले बेअरिंग आणि बंप स्टॉपही (मोठा धक्का झेलणारा रबरी तुकडा) नवे घालावेत. जुन्या माउंटवर नवा शॉकअप बसवला तर खडखड तशीच राहते आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

आता टायर. गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती तळहाताएवढ्या चार ठशांच्या जोरावर, म्हणून माझ्या हातात मर्यादित रक्कम असेल तर तिच्यातला सर्वांत मोठा वाटा मी टायरला देतो. जुन्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक दिसते, कारण गाडी कमी फिरलेली असते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या खुणांतले शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरवर मी पावसाळ्यात विसंबत नाही. नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर मानली जाते आणि टायरमधल्या खुणेच्या उंचवट्यांवरून ती समजते, पण ताम्हिणी किंवा आंबा घाटात जुलै महिन्यात रस्त्यावरून पाण्याचे ओहोळ वाहत असताना तेवढी नक्षी पाणी बाजूला सारण्यास पुरत नाही. मी तीन मिलिमीटर उरले की टायर बदलतो.

मापाच्या बाबतीत सर्वांत सुरक्षित युक्ती म्हणजे आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने कोणते माप दिले होते ते शोधणे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना १६५/८० आर १४ हे अरुंद टायर होते आणि सर्वांत वरच्या झेडएक्सआयला १८५/७० आर १४. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा आहे: पहिल्याचा सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६१५. त्यामुळे स्पीडोमीटरच्या आकड्यात एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो, गिअरिंग बदलत नाही, चाक वरच्या पत्र्याच्या कमानीला घासत नाही, आणि रस्त्यावरची पकड मात्र स्पष्टपणे वाढते. माझ्या मते या गाडीवर करता येण्याजोगी ही एकमेव सर्वोत्तम सुधारणा आहे. १५ इंची रिम हवेच असतील तर १९५/६० आर १५चा व्यासही ६१५ मिलिमीटरच भरतो, पण त्याला निदान साडेपाच इंच रुंदीचे रिम लागते. त्याहून मोठी, जड, केवळ दिसायला छान अशी चाके घेऊ नयेत. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की खड्ड्यातून उठलेले चाक रस्त्याला परत टेकायला वेळ लागतो, स्टेअरिंग जड होते आणि पिकअप कमी होतो. टायर घेताना वजन क्षमतेचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८५ म्हणजे एका टायरमागे ५१५ किलो आणि ८८ म्हणजे ५६० किलो.

ब्रेकबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोठी डिस्क बसवली की गाडी कमी अंतरात थांबेल असे मानले जाते. आपली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक करू शकत असेल, तर एकदा थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते, डिस्कचा आकार नाही. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता सोसण्यासाठी होतो, आणि रस्त्यावरच्या एक टनाच्या गाडीला सहसा तेवढी गरज पडत नाही. मात्र मूळ ब्रेक पूर्ण ताकदीने चालत असले पाहिजेत. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग असला की गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते आणि ती सारी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. म्हणून चांगल्या दर्जाचे पॅड घालावेत, मागचे ड्रम उघडून शू आणि व्हील सिलिंडर पाहावेत, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. मग लांब उतारावर पॅडल स्पंजासारखे खाली जाते. वरंध घाट उतरताना मला हा अनुभव एकदा आला आहे. त्या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी सावकाश उतरवली आणि खाली पोहोचताच तेल बदलून घेतले. पुढे झोंबणारे पॅड आणि मागे झोपलेले ड्रम अशी जोडी तर कधीच ठेवू नये, त्याने गाडीचा तोल बिघडतो.

गाडी खाली बसवण्याचा मोह अनेकांना होतो. आपल्या रस्त्यांवर, गावोगावच्या मनमानी स्पीड ब्रेकरवर, १७० मिलिमीटरची उंची कमी करणे मला पटत नाही, आणि कारण केवळ तळ घासण्याचे नाही. स्प्रिंग तीस-चाळीस मिलिमीटरने आखूड केल्या की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो आणि गाडीचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती वळणावर झुकते तो, तिचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून अधिक खाली जातो. स्प्रिंग कडक असूनही, या दोन्हींतले अंतर वाढल्यामुळे वळणावर झुकण्याचा कल वाढतो, आणि शॉकअप मूळचेच असतील तर ते लवकर खलास होतात. मूळ स्प्रिंग आणि किंचित कडक गॅस शॉकअप ही जोडी खराब रस्त्यावर खरोखर वेगवान ठरते, कारण चाक जमिनीला टेकून राहते. डिझेल स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंग पेट्रोलला लावण्याचा सल्लाही कोणी देते. त्या जड इंजिनासाठी बनवलेल्या असतात आणि हलक्या पेट्रोल गाडीचे नाक वर उचलतात, म्हणून तो मानू नये.

इंजिनाकडे शेवटी वळावे, आणि तेही कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून. चार सिलिंडरांतले दाब एकमेकांशी दहा टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर आधी दुरुस्ती करावी. प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि क्लचची तपासणी एवढ्यावर जुन्या इंजिनाचा बराच पिकअप परत येतो. मी एकेकाळी एका गॅरेजच्या सांगण्यावरून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला होता. आवाज सुंदर आला, पण सिग्नलवरून निघताना गाडी मंद झाली. कारण सोपे आहे: मूळ डबा बाहेरची हवा घेतो आणि उघडा फिल्टर इंजिनाची गरम हवा ओढतो. हवा ४० ऐवजी ६० अंशांची असेल तर तिची घनता साधारण सहा टक्क्यांनी घटते, आणि तेवढीच ताकद जाते. तो फिल्टर काढून मूळ डबा परत बसवला, तेव्हा फरक पहिल्याच चढावर कळला. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला रिमॅपनेही (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलूनही) फार थोडे मिळते. टर्बो डिझेलला पुष्कळ मिळते, पण तो वाढीव टॉर्क जुना क्लच आणि गिअरबॉक्स सोसतील का, हे आधी विचारावे.

कायद्याचा विचार खर्चापूर्वीच करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावीच लागते, तेव्हा कर्कश सायलेन्सर किंवा कमानीबाहेर आलेली चाके अडचणीत आणतात. जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवावा.

एका वेळी एकच काम करावे आणि प्रत्येक कामानंतर ओळखीच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी, म्हणजे कोणत्या पैशाने काय मिळाले ते कळते. चाके काढली असतील तर शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. सस्पेन्शनच्या कामानंतर लगेच अलाइनमेंट करावी आणि त्याचा छापील कागद जपून ठेवावा. हजारेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा मोजून टो आणि कॅम्बर या चाकांच्या कोनांचे आकडे त्या कागदाशी ताडून पाहावेत, कारण नवे रबर तोवर बसलेले असते आणि आकडे थोडे सरकलेले असतात.