ग्रीन व्हायचंय? एका वेळी एकच बदल करा, आणि सुरुवात ओल्या कचऱ्यापासून

सगळ्यात आधी, काहीही विकत घेऊ नका. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, वर 'इको-फ्रेंडली' छापलेले डबे असं सगळं ऑर्डर करून मग पर्यावरण वाचवायला निघालेले लोक मी भरपूर बघितलेत, दोन महिन्यांनी ते डबे माळ्यावर असतात. घरातले प्लास्टिकचे डबे फुटेपर्यंत वापरा, कापडी पिशव्या लग्ना-मुंजीत मिळालेल्या कपाटात पडल्याच असतील त्या काढा, झालं.

दुसरं, एका वेळी एकच बदल. व्हिडिओ बघून सोमवारपासून कचरा, पाणी, वीज, गाडी सगळं एकदम बदलायला जायचं आणि पुढच्या सोमवारी घरातली माणसं वैतागलेली, त्यातही ज्याच्या अंगावर जादाचं काम पडलं तो (म्हणजे बहुतेक घरांत ती) जास्त. एक गोष्ट हाताला बसली, तिच्याबद्दल घरात बोलणं बंद झालं, की पुढची घ्या.

आणि पहिली गोष्ट कुठली यावर माझं मत ठाम आहे, ओला कचरा घराबाहेर जाणं बंद करा, घरातच बादलीत त्याचं खत (कंपोस्ट) करा. कारण तो डंपिंग ग्राउंडवर हवेशिवाय दाबून कुजला की मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो, २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागून मुंबईवर धूर पसरला होता ते आठवत असेल. दुसरं कारण घरगुती आहे. रोज आपल्या हाताने बादलीत टाकायला लागलं की कळतं किती कोथिंबीर सडवली आणि किती भात उरला, मग बाजारहाट आपोआप कमी होतो. कचरा सुटा ठेवला की डस्टबिनला काळी पिशवीही लागत नाही.

वर्गीकरण. ओला, सुका आणि घातक. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हे बंधनकारकच केलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांना ते उघडून बघावं लागत नाही.

बादली. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, दोन असतील तर बरं. तळाला आणि बाजूंना तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडा, खाली ताटली, तळाला नारळाच्या शेंड्या आणि वर चार बोटं सुका पाला. विरजण म्हणून कुणाकडचं ओंजळभर जुनं कंपोस्ट, नाहीतर शेणखत, नाहीतर आंबट ताक. महागडी कल्चर पावडर लागत नाही, जिवाणू कचऱ्यावर असतातच.

आता खरा घोळ: दुसरा-तिसरा आठवडा. पहिले आठ दिवस सगळं छान चालतं, फोटो काढून ग्रुपवर टाकले जातात. मग एक दिवस झाकण काढलं की वास. चिलटं. पांढऱ्या जाडसर वळवळणाऱ्या अळ्या. घरातून आवाज येतो "फेक ते आधी", आणि शंभरातले बहुतेक लोक इथेच सोडतात. मीही सगळ्यात जास्त इथेच झगडलोय, कारण तेव्हा मिळालेला प्रत्येक सल्ला उलटा होता: झाकण घट्ट लाव, वर फिनेल शिंपड, लिंबाची सालं काढून टाक, पाणी मार म्हणजे लवकर कुजेल.

पाणी अजिबात मारू नका हो! आपल्या स्वयंपाकघरातला कचरा मुळातच पाण्याने भरलेला असतो, कलिंगडाची साल, काकडी, पालेभाजीची देठं, चहाचा चोथा. त्यात कार्बन कमी आणि नायट्रोजन जास्त. साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असं प्रमाण लागतं आणि ते सुक्या पाल्याने जमतं. म्हणून एक वाटी ओला टाकला की वर किमान एक वाटी चुरलेला सुका पाला, शंका असेल तर दोन. पाला जास्त झाला तर फक्त कुजायला वेळ लागतो, कमी पडला तर बादली नासते.

वासाचेही प्रकार आहेत. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया, नायट्रोजन जास्त झालाय, पाला घाला. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवाच जात नाहीये, पाणी साचलंय, सगळं उपसून कागदावर पसरा, तासभर वारं लागू दे, मग पाला मिसळून परत भरा. तपासायचं कसं? मूठभर मिश्रण घ्या आणि रव्याचा लाडू वळतो तसं वळा. लाडू वळला पण बोटांतून पाणी आलं नाही तर बरोबर, थेंब गळला तर पाला घाला, वळलंच नाही आणि भुगा झाला तरच, फक्त तेव्हाच, थोडं ताक शिंपडा. दर दोन-तीन दिवसांनी काठीने तळापासून हलवायचं, वरवर नाही.

अळ्यांबद्दल नीट ऐका. त्या जाड, करड्या-पांढऱ्या अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, ती माशी चावत नाही आणि अळ्या कचरा भराभर खातात, म्हणजे तुमचं काम करतात. कीटकनाशक मारलं की त्या मरतील, सोबत बाकीचे जीवही मरतील आणि तेच खत तुम्ही कढीपत्त्याला घालणार. घरच्यांना बघवत नसतील तर वर दोन इंच पाल्याचा थर द्या, दिसणं बंद. चिलटांनाही तोच उपाय.

शिळी पोळी, भात थोडा चालतो. तेलकट रस्सा, मासे, मटण बाल्कनीतल्या बादलीत नको. लिंबाची सालं चालतात, बारीक चिरा आणि मूठभरच टाका. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्या टाकू नका, त्यांना मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते, बादलीत त्या तशाच्या तशा निघतात.

हे सगळं पाल्यावर अडतं, आणि पाला पावसाळ्यात मिळत नाही, नेमकी गरज तेव्हा असते. त्यामुळे शिमग्याच्या आसपास पानगळ सुरू झाली की साठा करा. सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना सांगा की पानं जाळू नका, गोणीत भरून ठेवा, त्यांचाही धूर वाचतो. गोणी पायाने तुडवायची की पानं एक चतुर्थांश होतात, चार माणसांच्या घराला पावसाळ्यापुरत्या अशा चार-पाच गोण्या पुरतात. बदामाची पानं जाड असतात, हाताने फाडून टाका. पाला नसेल तर सुताराकडचा लाकडाचा भुसा, पण प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो. वर्तमानपत्राचे तुकडे चालतील, चकचकीत पुरवण्या नकोत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाइलाज म्हणून ठीक आहे पण ते स्वतःच पाणी धरून बसतं, आणि पाला फुकट पडलेला असताना त्यावर पैसे कशाला.

बादली भरली की दुसरी सुरू करा, पहिली दीड-दोन महिने अधूनमधून हलवत ठेवा, मातीचा वास आला की चाळून कुंड्यांना घाला.

पुढचे बदल. एसी २४ वर ठेवा, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, वर पंखा लावा. कडधान्यं भिजवून कुकरला लावा, गॅस कमी जळतो. आरओ घ्यायच्या आधी पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं आणि मुंबई-पुण्यात पालिकेचं धरणाचं पाणी त्याच्या खूप खाली असतं, तिथे साधा यूव्ही फिल्टर पुरतो. टँकर किंवा बोअरचं असून टीडीएस जास्त आला तर आरओ लागेल, मग त्याचं फेकलं जाणारं पाणी बादलीत धरा, फरशी आणि संडास धुवायला वापरा, कुंड्यांना नको, त्यात क्षार जास्त असतात.